धड कान

"कान कुठं गेले?" मी विचारलं.

कुणी ऐकलंच नाही. आमच्या कंपनीतला इंद्रजित टेबलावर चढून नाचायचाच काय तो बाकी होता. त्याच्या हातात बाजारात मिळणारा सगळ्यात स्वस्त फोन होता आणि त्या फोनवर आमचा ‘शड्डू’ हा कुस्तीचा गेम पहिल्यांदाच न अडखळता चालत होता. आदल्या दिवशीपर्यंत याच फोनवर पैलवानानं शड्डू ठोकायला हात उचलला, की हात वर जायचा, तिथंच विचार करत बसायचा आणि मग कधीतरी मांडीवर यायचा. आता थाप पडली की माती उडत होती, लाल लंगोटवाला निळ्या लंगोटवाल्याला भिडत होता, घामाचा थेंब न् थेंब दिसत होता.

"नाद खुळा!" इंद्रजित ओरडला. "सुकन्या, तुझ्या त्या अपस्केलिंगला नारळ फोडला पाहिजे!"

"नारळ नंतर फोड. आधी आण्णांचे कान बघ."

"कानाला काय झालं? आहेत की दोन."

"आहेत. पण धड आहेत."

इंद्रजितचं नाचणं थांबलं. कोल्हापूरचाच होता शेवटी, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते. कुस्तीत वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासून, कान मातीत रगडून पैलवानाचा कान मोडतो. आत रक्त साकळतं, ते घट्ट होतं आणि कान मळून चुरगळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा होऊन बसतो. डॉक्टर म्हणतात वेळेत सुई लावून ते रक्त काढा, पैलवान काढत नाहीत. आमच्याकडं एसटी स्टँडवर अनोळखी माणूस दिसला तरी आधी त्याचा कान बघतात आणि मगच त्याला अहोजाहो करायचं की नाही ते ठरवतात. धड कानाचा पैलवान म्हणजे नुसतंच दूध पिऊन तालमीच्या आरशात दंड बघणारा. आणि आमच्या गेममधला पैलवान होता हिंदुराव खोत वस्ताद. पंचक्रोशीतल्या गदा आणून घराच्या भिंती भरवणारा माणूस. माझे थोरले चुलते, आमचे आण्णा.

आम्ही आण्णांचा चेहरा सगळ्या बाजूंनी कॅमेऱ्यात घेतला होता आणि त्यांचे जुने फोटो समोर ठेवून त्यांना गेममध्ये बावीस वर्षांचं केलं होतं. फिरोज मुजावर हा आमचा चित्रकार. त्यानं त्या दोन कानांवर जेवढा जीव टाकला तेवढा स्वतःच्या लग्नाच्या शेरवानीवरही टाकला नसेल. आणि आता ते कान पुसून तिथं शाळकरी पोराचे असावेत तसे गुळगुळीत कान आले होते. फिरोजनं फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि तो चहाला निघून गेला.

हे का झालं ते मला लगेच कळलं. स्वस्त फोनला मोठं चित्र झेपत नाही. म्हणून गेमनं लहान, धूसर चित्र काढायचं आणि एआयनं ते मोठं आणि स्वच्छ करून पडद्यावर मांडायचं, हे अपस्केलिंग. मूळ चित्रात जे दिसतच नाही ते एआय अंदाजानं भरतं. त्यानं आधी लाखो चेहरे बघितलेले असतात, त्यामुळं अंदाज बहुतेक वेळा बरोबरच येतो. पण त्या लाखो चेहऱ्यांत मोडके कान किती असणार? त्याला कानाच्या जागी एक धूसर ठिपका दिसला आणि त्यानं भल्या मनानं आण्णांचे कान दुरुस्त करून दिले. भुवईवरची खोकही बुजवली. मोडलेलं नाकसुद्धा सरळ केलं.

"राहू दे की," इंद्रजित जरा वेळानं म्हणाला. "कान कोण बघतंय?"

"नागपंचमीला तालमीत हा गेम आण्णा बघणार आहेत. तालमीतली सगळी पोरं बघणार आहेत. ती दुसरं काय बघणार?"

हे नागपंचमीचं प्रकरण इंद्रजितनंच ठरवलं होतं. बंगळूरची एक कंपनी ‘शड्डू’ बाजारात आणायला तयार होती. तिच्या अटी दोनच. गेम स्वस्तातल्या फोनवर चालला पाहिजे, आणि ज्याचा चेहरा आहे त्या वस्तादानं गेम बघून कॅमेऱ्यासमोर होकार दिला पाहिजे. नागपंचमीला आमच्या गावच्या तालमीत कुस्तीच्या हौद्यातल्या मातीची पूजा असते, जुने पैलवान जमतात. शूटिंगला याहून चांगला दिवस कुठला, असं इंद्रजितचं म्हणणं. नागपंचमी आठवड्यावर आली होती. होकार आला नाही तर आमची कंपनी बंद, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

पण माझी भीती कंपनीची नव्हती. नोकरी काय, पुण्यात दुसरी मिळाली असती. माझी भीती वेगळी होती.

आण्णांनी चेहरा द्यायला आधी साफ नकार दिला होता. "माजं सोंग करून पोरं बोटानं नाचवणार व्हय?" म्हणाले आणि ताटावरून उठले. त्यांच्यापुढं परत तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा पप्पा, म्हणजे माझे वडील, दूध गाळता गाळता खाली मान घालून म्हणाले होते, "आण्णा, पोरीचं काम हाय. द्या की तेवढं."

पप्पांनी आण्णांकडं काही मागितल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. पप्पा मागणाऱ्यातले नव्हतेच. पहाटे उठायचं, म्हशींची धार काढायची, किटली सायकलला अडकवून तालमीत दूध पोचवायचं, दिवसभर रानात राबायचं आणि संध्याकाळी परत किटली. खोतांच्या घरातला हा धाकटा मुलगा वस्तादाचा भाऊ म्हणूनच ओळखला जायचा. कुणी गमतीनं विचारलं, "शामराव, तुमी का न्हाई उतरला मातीत?" तर ते हसून म्हणायचे, "मला नादच नव्हता." लहानपणापासून हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आण्णांनी पप्पांकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शाम म्हणतोय तर देतो. पर माजा चेहरा हाय तसा पायजे. एक रेघ हिकडची तिकडं न्हाई."

"एक रेघही नाही," मी शब्द दिला. तो शब्द मी दिला, पण मागणं पप्पांचं होतं. आता त्या कानांवरून तालमीत हसं झालं तर आण्णा मला चार शब्द सुनावतील आणि विसरतील, पण पप्पांनी आयुष्यात एकदाच हात पुढं केला आणि त्यावर ही थप्पड बसली, असं होणार होतं.

त्या आठवड्यात मी जिथून वाट काढायला जाईन तिथं भिंत लागत होती. एआय बंद केलं की कान परत यायचे, पण कुस्ती अशी चालायची की आण्णांना संधिवात झालाय. एआय चालू केलं की कुस्ती झकास, पण कान धड. फिरोजनं कान मुद्दाम दुप्पट मोठे करून बघितले. एआयला ते केसांचे अंबाडे वाटले. दोन्ही बाजूंना दोन अंबाडे घातलेले वस्ताद लंगोट लावून उभे राहिले, तेव्हा फिरोज हसून हसून खुर्चीवरून घसरला. मला रडू येत होतं.

राहता राहिला एकच मार्ग. एआयला मोडके कान शिकवायचे. त्यासाठी पुष्कळ मोडके कान लागणार, आणि ते एकाच जागी मिळत होते.

पण तालमीत मला जाता येत नव्हतं. आता मुलीही कुस्ती खेळतात, त्यांची वेगळी केंद्रं आहेत, सगळं खरं. आमच्या गावच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत मात्र बाईनं पाऊल टाकायचं नाही, ही रीत. लहानपणी पप्पांबरोबर दूध घेऊन मी यायची, तेव्हाही त्या उंबऱ्याशीच थांबायची. मला त्या उंबऱ्याचा मनस्वी राग यायचा आणि अजूनही येतो. म्हणून मी पप्पांच्या हातात माझा फोन दिला.

"आत जाऊन सगळ्यांच्या कानाचे फोटो काढून आणा. दोन्ही बाजूंनी, जवळून."

पप्पा घुटमळले. "मी आत न्हाई जात, बाळ."

"का? तुम्हाला कोण अडवणार?"

"आडवत न्हाई कोण. सवय न्हाई." मग त्यांनीच तोड काढली. "पोरांस्नी भाईर पायरीवर बोलवून घेतो. तू तिकडं झाडामागं जा, लाजत्यात ती."

मी झाडामागं गेले. तिथून ऐकू येत होतं. "ए परशा, ये हिकडं. कान दाव." "मामा, कान कशाला?" "मुंडी वळीव गप. आता दुसरा." चांगले धिप्पाड गडी डॉक्टरसमोर उभं राहावं तसे रांगेनं येऊन पप्पांना कान दाखवून जात होते. पप्पा मोठ्या गांभीर्यानं एक डोळा मिटून फोटो काढत होते. फोनला डोळा मिटावा लागत नाही हे त्यांना कोण सांगणार?

घरी येऊन मी फोटो चाळले. निम्म्यांत पप्पांचा अंगठा आला होता. उरलेले कामाचे होते. एका फोटोत मात्र कान धड होता. जवळून, नीट उजेडात काढलेला, सगळ्यांत स्वच्छ फोटो तोच.

"हा कुणाचा?"

पप्पा टोपी सारखी करत होते. त्यांची टोपी कायम कानांपर्यंत ओढलेली असायची. "आला आसंल कुणाचा तरी. काढून टाक की."

मी तो काढून टाकला.

शिकवणी फुकट गेली नाही, पण पुरीही पडली नाही. पैलवान स्थिर उभा असला की कान मोडका दिसायचा, हलला की धड, थांबला की परत मोडका. कुस्तीभर आण्णांचे कान मिटत होते न् उघडत होते. शेवटी मी एक जुगाड केला. सगळं चित्र एआयनंच मोठं करायचं, पण पैलवानाचं डोकं तेवढं एआयच्या हाती द्यायचंच नाही, ते मूळ बारकाव्यासकट काढायचं. फोन त्यानं तापायचा, पण चालायचा. अडचण एवढीच, की त्या फोनला असं एकच डोकं झेपत होतं. आणि आमच्याकडं पैलवान एकच तयार होता. निळ्या लंगोटाचा प्रतिस्पर्धी म्हणजेही आण्णाच, फक्त लंगोट बदललेला. त्याला गेम स्वतः खेळवायचा. तर लाल लंगोटवाल्याचे कान मोडके आले आणि निळ्याचे धडच राहिले. आण्णा बघणार ते लाल लंगोटवाल्याला, निळ्याकडं कोण बघतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"फोन तापतोय गं," इंद्रजित कुरकुरला. "दोन कुस्त्यांनंतर हळू पडतोय. बंगळूरची माणसं बघणार आहेत हे."

"एकच कुस्ती दाखव. पण दाखव ती हीच."

"बरं," तो म्हणाला. आणि मी ते ‘बरं’ खरं मानलं.

नागपंचमीच्या सकाळी तालमीत हौद्यातली माती नुकतीच उकरलेली, तेल, ताक, लिंबू घालून मळलेली होती. तिचा वास बाहेरपर्यंत येत होता. आत उदबत्त्या, फुलं, भिंतीला टेकून उभे राहिलेले जुने पैलवान. मी उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर. माझ्या शेजारी पप्पा, पायाशी दुधाची किटली. बाहेर थांबलेली आम्ही दोघंच. मी रीत म्हणून थांबले होते, आणि पप्पा किटली आहे म्हणून थांबलेत असं मला वाटत होतं.

आण्णा हौद्याच्या कडेला पाटावर बसले होते, पांढरा फेटा, पांढरा सदरा. इंद्रजितनं वाकून नमस्कार केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. फिरोजनं कॅमेरा लावला. पोरांनी आण्णांच्या मागं गर्दी केली. शड्डूचा आवाज घुमला, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि मला जरा हायसं वाटलं.

मग मागून परशा म्हणाला, "आयला, आण्णांचं कान नवं बसवलं काय!"

दोघं-तिघं फसकन हसले आणि लगेच गप्प झाले. वस्तादाच्या मागं उभं राहून त्या तालमीत कुणी हसत नाही.

इंद्रजितनं जुना गेम लावला होता. गुळगुळीत चालणारा, न तापणारा, धड कानांचा. मी उंबऱ्यावरून इंद्रजितला खुणावलं तर त्यानं नजर चुकवली. मधे दहा-पंधरा पावलांचं अंतर असेल, पण मला ते ओलांडता येत नव्हतं. पाऊल टाकलं तर कानाची गोष्ट बाजूला राहून बाई आत आली हीच गोष्ट झाली असती, आणि बोल परत पप्पांना लागला असता. ओरडले तरी तेच. मी चौकट धरून नुसती उभी. शेजारी पप्पा मान खाली घालून किटलीच्या झाकणाकडं बघत होते.

आण्णांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्यो कोण?" त्यांनी विचारलं.

"आण्णा, तुम्हीच की!" इंद्रजितनं हसायचा प्रयत्न केला. "तरुणपणीचे."

"मी न्हवं ह्यो."

इंद्रजित काहीतरी तांत्रिक सांगू लागला, आण्णांनी हात वर केला तसा तो थांबला. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"आण्णा!" मी उंबऱ्यावरून हाक मारली. "ते चुकून लागलंय. खरा गेम माझ्या फोनवर आहे. त्यात तुमचे कान आहेत. पप्पांचा काही दोष नाही, शब्द मी दिला होता."

आण्णा उठले. मला वाटलं, संपलं. ते हौद्याला वळसा घालून सावकाश दाराशी आले आणि उंबऱ्यापलीकडं हात पुढं केला. मी गेम लावून फोन त्यांच्या हातावर ठेवला.

पडद्यावर दोन पैलवान समोरासमोर उभे होते. अलीकडचा लाल लंगोटाचा, मोडक्या कानांचा, नाक वाकलेला. पलीकडचा निळ्या लंगोटाचा, तेच खांदे, तोच जबडा, पण कान धड आणि नाक सरळ. आण्णांनी जाड बोट लाल लंगोटवाल्यावर ठेवलं.

"ह्यो मी."

मग ते बोट निळ्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं, म्हणून काय आहे ते मला ओळखता येईना.

"शाम," ते म्हणाले. "बघ की रं. तू हाईस ह्यो."

पप्पांनी वाकून बघितलं आणि झटकन मागं झाले. "काय तरी बोलताय, आण्णा. द्या तो फोन पोरीकडं."

"मी वळखीत न्हाई व्हय तुला? बावीस वर्सांचा शाम. आसाच हुबा ऱ्हायचा, डावा खांदा खाली टाकून."

आमच्या घरात पप्पांचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. सगळ्या फोटोंत गदा आहे आणि गदा एकाचीच आहे. मी जन्मल्यापासून पप्पा वाळलेले, पाठीत वाकलेले आणि टोपीतले. त्यांचा चेहरा आण्णांसारखा असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. एआयनं कान दुरुस्त केले, नाक सरळ केलं, खोक बुजवली. मातीनं आण्णांना जे जे केलं होतं ते सगळं काढून टाकलं. आणि मागं उरला तो माती न लागलेला भाऊ.

आण्णा खाली बसले. वस्ताद, नागपंचमीच्या दिवशी, तालमीच्या बाहेर, आमच्या पायरीवर. आतली पोरं एकमेकांकडं बघू लागली.

"ह्याला नाद न्हवता म्हणतोय आयुष्यभर," आण्णा मला म्हणाले, पण बघत होते फोनकडंच. "माज्या आधी माती आंगाला लावून बसायचा ह्यो. ह्याचा पटाचा डाव माज्याहून उजवा व्हता. मला तीनदा चीत केलंय ह्यानं, ह्याच हौद्यात, कोण नसताना. आमच्या बापानं बघितलं एक दिस. म्हणाला, घरात खुराक एकालाच पुरंल. थोरला म्हणून माजी पाठ थोपाटली आन् ह्याच्या हातात किटली दिली. मी तितं हुबा व्हतो. म्हणायला पायजे व्हतं, बा, ह्याला उतरीव, ह्यो चांगला हाय. न्हाई म्हणलो. मला गदा दिसत व्हती."

"आण्णा, झालं गेलं," पप्पा म्हणाले. त्यांनी किटलीची कडी घट्ट धरली होती. "म्हशी खोळांबल्यात. मी जातो."

"बस खाली."

"नगं."

"बस म्हणतोय न्हवं."

पप्पा बसले. तेव्हा मला तो फोटो आठवला, स्वच्छ उजेडात काढलेला एकच धड कान. इतकी वर्षं रोज या पायरीवर येणारा माणूस. त्या दिवशी तालमीतल्या प्रत्येकाच्या कानाचा फोटो काढायचा म्हटल्यावर त्यानं हळूच टोपी वर सरकवून स्वतःचाही काढला होता, आणि मी विचारल्यावर काढून टाक म्हणाला होता. मला जोरात रडायचं होतं. आई असो, मी असो, आम्ही सगळ्यांनी त्यांचं "नाद नव्हता" किती सहज मानून टाकलं होतं.

इंद्रजित दबकत दाराशी आला. होकाराचं पुढं रीतसर झालं. आण्णांनी कॅमेऱ्यासमोर हो म्हटलं, आणि अट घातली ती अशी, की निळ्याचे कान आहेत तसेच राहू द्यायचे, आणि त्याला नाव द्यायचं शामराव खोत. गेम चालला, कंपनी चालली, पुढं फोनही असे आले की दहा डोकी झेपतील. पण मी आजही कुठं ‘शड्डू’ उघडलेला बघितला, की मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला आठवते ती पायरीवरची कुस्ती.

"कसं खेळायचं ह्ये?" आण्णांनी विचारलं.

मी दाखवलं. इथं दाबलं की पकड, इथं ढाक, इथं बचाव. लाल तुमचा, निळा आपला आपण खेळतो. आण्णांनी मान हलवली, दोन्ही हातांत फोन धरला, कोपर गुडघ्यांवर टेकवले. पप्पा शेजारी, नजर किटलीवर.

शड्डू वाजला. निळा पैलवान डावा खांदा खाली टाकून पुढं आला. आण्णांचे अंगठे पडद्याच्या वर तसेच थांबले. निळ्यानं एक घेर घेतला, दुसरा घेतला, आणि खाली घुसून, पाय धरून पट काढला. लाल पैलवान पाठीवर आदळला. माती उडाली.

पप्पांनी कधी वर बघितलं होतं, मला कळलं नाही. ते फोनवर वाकले होते. टोपी मागं सरकली होती.

"आण्णा," ते म्हणाले, "बटन दाबाय लागतंय."

"ठावं हाय मला," आण्णा म्हणाले.

फोन तापला होता. आत पूजेची घंटा वाजायला लागली होती आणि वस्तादाशिवाय पूजा सुरू करायची की नाही ते कुणाला कळत नव्हतं. पडद्यावर निळा पैलवान हात वर करून उभा होता. पप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, किटली पायानं जरा पलीकडं सरकवली आणि भावाच्या खांद्याला खांदा लावून बसले.

"परत लाव," ते म्हणाले.